मीटरवरचे 18,400

जुनी मोटरसायकल घेताना मी विचारलेला प्रश्न आणि मिळालेले उत्तर, दोन्ही मला आज शब्दशः आठवतात. "गाडी किती चालली आहे?" असे मी विचारले आणि विकणारे गृहस्थ म्हणाले, "मीटर समोरच आहे, बघा ना." मी पाहिले. मीटरवर 18,400 किलोमीटर दिसत होते आणि तेवढ्यावर माझे समाधान झाले. त्या गृहस्थांनी तो आकडा स्वतःच्या तोंडाने एकदाही उच्चारला नव्हता, हे माझ्या लक्षात यायला पुढे अडीच महिने जावे लागले.

एक शब्दाचा घोटाळा इथेच दूर करतो. मोटरसायकलचे 'मायलेज' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लिटरमागे किती किलोमीटर हा हिशोब येतो. मी इथे लिहितो आहे ते गाडीच्या एकूण रनिंगबद्दल, म्हणजे कारखान्यातून बाहेर पडल्यापासून ती किती चालली याबद्दल. लाजिरवाणी गोष्ट अशी की त्या दिवशी पहिल्या मायलेजची चौकशी मी दहा मिनिटे केली आणि दुसऱ्याची एका वाक्यात आटोपली.

गाडी सात वर्षांची होती आणि ते गृहस्थ तिचे दुसरे मालक. चार वर्षे गाडी त्यांच्याकडे होती, तीवरून ते रोज कामाला जात आणि कामाचे ठिकाण घरापासून 12 किलोमीटर दूर होते, हे सारे त्यांनीच गप्पांच्या ओघात सांगितले. सर्व्हिस बुक घर बदलताना हरवले होते. सीटचे कव्हर नवे होते, हँडलच्या ग्रिप नव्या होत्या, फूटरेस्टची रबरेही नवी होती आणि हा सगळा नवेपणा मी मालकाच्या निगुतीच्या खात्यावर जमा केला. अठरा हजार किलोमीटर चाललेल्या गाडीची ग्रिप आणि फूटरेस्टची रबरे बदलायची वेळच का यावी, हा साधा प्रश्न मला पडला नाही. गाडी मनात भरली होती, आणि मनात भरलेल्या गाडीबद्दल माणूस फार प्रश्न विचारत नाही.

उलगडा झाला तो बॅटरीमुळे. एका सकाळी गाडी सेल्फवर उठेना म्हणून मी बॅटरीची टर्मिनल्स साफ करण्यासाठी बाजूचे कव्हर काढले, तेव्हा कव्हराच्या आतल्या अंगाला ऑइल बदलल्यावर गॅरेजवाले लावतात तसला एक लहानसा स्टिकर दिसला. तारखेची शाई उडून गेली होती, पण 'पुढील ऑइल' या शब्दांपुढचा आकडा स्वच्छ वाचता येत होता: 41,500. मी कव्हर हातात धरून काही वेळ तसाच बसून राहिलो आणि मग त्या विकणाऱ्या गृहस्थांची वकिली मीच करू लागलो. कव्हर दुसऱ्या एखाद्या गाडीचे असेल, मूळचे तुटल्यामुळे जुन्या बाजारातून आणून बसवले असेल. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता, कारण बाजूची कव्हरे तुटतात आणि वापरलेली कव्हरे बसवलीही जातात. एका स्टिकरवरून कोणाला खोटे ठरवणे योग्य झाले नसते. म्हणून मी गाडी घेऊन माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो आणि स्टिकरबद्दल एक अक्षर न बोलता त्यांना फक्त विचारले, "ही गाडी किती चालली असेल?"

त्यांनी इंजिन चालू करून पाहिले नाही, याचे मला त्या वेळी आश्चर्य वाटले होते. वेळेवर ऑइल बदलत राहिले तर पन्नास हजार चाललेले इंजिनही गुळगुळीत वाजते आणि हेळसांड केली तर पंधरा हजारांतच खडखडू लागते, त्यामुळे आवाजावरून रनिंग सांगता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी प्रथम गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पुढचे चाक अधांतरी केले आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवले. मधोमध येताच हँडल एखाद्या खाचेत बसावे तसे किंचित अडकत होते. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे रस्त्याचे सगळे हादरे कोनसेटमधल्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगमधल्या, गोळ्या एकाच जागी सोसतात आणि तिथे हळूहळू खळगे पडतात. एखाद्या जोरदार आपटीनेही असे होऊ शकते, हे त्यांनीच सांगितले आणि म्हणून त्यावरून निकाल दिला नाही.

नंतर त्यांनी पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर नख फिरवायला सांगितले. जिथे पॅड घासतात तो पट्टा आणि कडेचा न घासला जाणारा भाग यांच्यात नखाला स्पष्ट पायरी लागत होती. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते; माझ्या गाडीच्या डिस्कवर ती 3.5 मिलिमीटर होती, आणि व्हर्निअर या मापकाने मोजल्यावर जाडी भरली 3.6. पॅड स्वस्तात बदलता येतात, पण डिस्क सहसा कोणी बदलत नाही, त्यामुळे तिची झीज बऱ्यापैकी प्रामाणिक साक्ष देते. मागचे स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चाक, नवे होते, चेनही नवी होती. मात्र चेनसेट बदलताना कोणीतरी काटकसर करून पुढचे लहान स्प्रॉकेट जुनेच ठेवले होते, आणि त्याचे दात मांजराच्या नखांसारखे एका बाजूला वाकलेले होते. टायरांकडे त्यांनी ओझरतेच पाहिले. टायरच्या कडेवर चार अंकांचा शिक्का असतो, त्यातले पहिले दोन अंक आठवड्याचे आणि नंतरचे दोन सालाचे, म्हणजे 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23व्या आठवड्यात तयार झालेला. पण त्यावरून टायर मूळचा आहे की बदललेला एवढेच कळते, गाडी किती चालली ते कळत नाही.

सर्वांत शेवटी त्यांनी मीटरच्या मागच्या बाजूला टॉर्चचा उजेड टाकला. चार स्क्रूंपैकी तिघांच्या खाचा स्क्रूड्रायव्हरने खरवडल्या होत्या आणि चौथा स्क्रू वेगळ्याच जातीचा होता. "अठरा हजारांची गाडी नाही ही," ते म्हणाले, आणि मग मी खिशातून कव्हराच्या स्टिकरचा फोटो काढून दाखवला. ते हसले. हे आधी का दाखवले नाही, असेही त्यांनी विचारले नाही.

मीटर मागे कसा घेतात हे त्यांच्याकडूनच समजले. जुन्या काट्याच्या मीटरमध्ये पुढच्या चाकापासून एक केबल वर येते आणि तिच्या फिरण्याने आकड्यांची चाके पुढे सरकतात; केबल सोडून ठेवली की गाडी धावत राहते आणि आकडा झोपतो. त्या बऱ्याचशा मीटरांत पाचच अंक असल्यामुळे 99,999 नंतर ती आपोआप पुन्हा शून्यावर येत, म्हणजे काही वेळा खोटे बोलायला माणसाचीही गरज नसे. डिजिटल मीटर आल्यावर ही फसवणूक थांबेल असे पुष्कळांना वाटले होते, मलाही तसेच वाटत होते. प्रत्यक्षात ती अधिक सफाईदार झाली. सेन्सरकडून येणारे स्पंद मोजून मीटर आपला आकडा एका लहानशा मेमरी चिपमध्ये लिहून ठेवतो, आणि ती चिप वाचून पुन्हा लिहिणारी उपकरणे सर्रास मिळतात. काट्याच्या मीटरमध्ये निदान आकडे वाकडेतिकडे बसत, एका रेषेत येत नसत. डिजिटल पडद्यावर खरा आकडा आणि खोटा आकडा सारखेच दिसतात. काही गाड्यांमध्ये इंजिनचे नियंत्रण करणारा ईसीयू स्वतःची वेगळी नोंद ठेवतो आणि दोन आकडे जुळले नाहीत की चोरी पकडली जाते. माझी गाडी त्यांतली नव्हती.

घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेतली. रोज जाऊन-येऊन 24 किलोमीटर, वर्षाचे कामाचे दिवस 250 धरले तर वर्षाला 6,000, आणि चार वर्षांचे 24,000. पहिल्या मालकाने गाडी तीन वर्षे अंगणात झाकून ठेवली होती असे मानले तरी 18,400 हा आकडा बसत नाही. हा हिशोब करण्यासाठी मेकॅनिकची, व्हर्निअरची किंवा स्टिकरची काहीच आवश्यकता नव्हती. त्याची सगळी सामग्री त्या गृहस्थांनी चहा पिता पिता माझ्या हातात ठेवली होती, आणि मी तिच्याकडे पाहिले नव्हते. त्या रात्री फसवणाऱ्याच्या रागापेक्षा या गोष्टीची टोचणी मोठी होती.

त्यांना मी फोन केला. त्यांनी नाकारले नाही, चिडलेही नाहीत. "मीटर मध्यंतरी बिघडला होता, तो बदलून घेतला. तुम्ही विचारले नाहीत." मीटर बदलणे हे गैर नाही; पाणी शिरून मीटर बंद पडतात, अपघातात फुटतात आणि नवा बसवताना जुना आकडा कागदावर टिपून ठेवला, विकताना सांगितला, तर त्यात फसवणूक काहीच नसते. पण नवा मीटर शून्यापासून सुरू होतो. तो 18,400 पर्यंत पोहोचला असेल तर तेवढे किलोमीटर बदलल्यानंतरचे, आणि बदलण्यापूर्वीचे वेगळे. ते किती, असे मी विचारले. "आता आठवत नाही," असे उत्तर आले. मीटर खरोखर बदलला की मागे घेतला, हे मला आजही ठाऊक नाही, आणि खरे सांगायचे तर त्याने माझ्या बाजूला काही फरक पडत नाही. मीटरमध्ये फेरफार करणे अनेक देशांत गुन्हा आहे, परंतु तो कोणी आणि केव्हा केला हे सिद्ध करावे लागते. आमच्या विक्रीच्या कागदावर गाडीचा क्रमांक होता, इंजिनचा क्रमांक होता, रक्कम होती, रनिंगबद्दल एक ओळही नव्हती. ती ओळ लिहून मागितली असती तर त्यांचा हात अडखळला असता, असे मला वाटते. कदाचित अडखळला नसताही.

जास्त दिलेल्या पैशांचे दुःख काही दिवसांनी ओसरले. न ओसरलेली अडचण वेगळीच होती आणि तिचा मी आधी विचारही केला नव्हता. मोटरसायकलचे बहुतेक सगळे पंचांग त्या एका आकड्यावर चालते. टॅपेट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट, कधी तपासायचे, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग कधी बदलायचे, पुढच्या शॉकॲब्जॉर्बरमधले ऑइल किती किलोमीटरनंतर काढायचे, टायमिंग चेनकडे कधीपासून लक्ष ठेवायचे, हे सारे पुस्तिकेत किलोमीटरमध्ये लिहिलेले असते. आकडा खोटा निघाला की गाडीचा एकेक भाग आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे कळेनासे होते. जो भाग तरुण समजून मी निर्धास्त होतो तो म्हातारा असू शकतो, आणि म्हातारा समजून बदलायला काढलेला कोणीतरी गेल्याच वर्षी नवा बसवलेला असू शकतो. ब्रेक ऑइल तेवढे काळावर बदलतात, किलोमीटरवर नव्हे. त्यामुळे त्याच्यापुरता मला काही घोळ नव्हता. माझी मोठी भीती क्लच किंवा पिस्टनची नव्हती, कारण ते भाग दमताना कुरकुर करतात. भीती होती ती न बोलता झिजणाऱ्या गोष्टींची, आणि त्यांत ती 3.6 मिलिमीटरची डिस्क पहिल्या क्रमांकावर होती.

मेकॅनिकचा सल्ला मी मानला. डिस्क, कोनसेट आणि पुढचे स्प्रॉकेट नवे घातले, टॅपेट तपासून घेतले, सगळी ऑइले आणि फिल्टर एकाच दिवशी बदलले, आणि त्या दिवशी एका वहीत 0 लिहून तिथून मोजायला सुरुवात केली. वहीत आता तीन रकाने आहेत: मीटरवरचा आकडा, माझ्या शून्यापासूनचे किलोमीटर आणि केलेले काम. मीटरकडे मी पाहतो ते फक्त वजाबाकीसाठी. गाडी, सांगायचे राहिले, उत्तम चालते आहे.

वहीचे पहिले पान मात्र मी माझ्यासाठी लिहिलेले नाही. कधीतरी ही गाडी मीही विकेन, कोणीतरी समोर उभे राहून किती चालली आहे असे विचारेल, आणि तेव्हा मीटर पुन्हा समोरच असेल. 41,500 वर पुढचे ऑइल म्हणजे, 3,000 किलोमीटरला ऑइल बदलले जात होते असे धरून, स्टिकर लावला तेव्हा गाडी 38,500 झाली असावी. पहिल्या पानावर म्हणून तेवढेच लिहिले आहे: मीटर विश्वासार्ह नाही, माझ्याकडे येण्यापूर्वी सुमारे 38,500 किंवा त्याहून अधिक, नेमके किती ते ठाऊक नाही. तो स्टिकरही मी काढलेला नाही. उरलेली शाई उडू नये म्हणून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि कव्हर परत बसवले.