चारही आउटकमसमोर एकच आकडा

ॲक्रेडिटेशनची, म्हणजे बाहेरची संस्था कॉलेजचा दर्जा तपासून मान्यता देते त्याची, फाईल करायला घेतली की आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द असतो, अटेनमेंट. म्हणजे कोर्स शिकून झाल्यावर मुलांना जे यायला हवं असं आपण लिहून दिलंय ते खरंच किती जणांना आलं. मी पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते, माझ्या कोर्सला असे ‘यायला हवं’चे चार मुद्दे म्हणजे आउटकम आहेत आणि मागच्या वर्षीची शीट उघडली तर चारही आउटकमसमोर 74 टक्के. चारही! सरासरी काढणं वेगळं आणि डेटा बघून निष्कर्ष काढून त्याची मर्यादा सांगणं वेगळं, दोन्ही मुलांना अगदी सारखंच कसं येईल?

मग खोदत बसले. कारण साधं निघालं, पूर्ण पेपरचे मार्क घेऊन तेच सगळ्या आउटकमना चिकटवले होते, आणि ते मीच केलं होतं, घाईत. म्हणून 70 मुलांचे पेपर परत काढले आणि प्रश्नवार मार्क भरले, तीन संध्याकाळी गेल्या त्यात. चौथा आउटकम, निष्कर्ष काढण्याचा, फक्त पाचव्या प्रश्नात होता आणि पेपरवर लिहिलेलं ‘कोणतेही चार सोडवा’. 70 पैकी 58 मुलांनी पाचवा प्रश्न सोडूनच दिला होता!! म्हणजे ज्या गोष्टीसाठी हा कोर्स आहे ती न करता मुलं चांगल्या मार्कांनी पास झाली, आणि ऑप्शन ठेवून तशी वाट मीच करून दिली होती.

वर्षाच्या शेवटी मुलांकडून फॉर्म भरून घेतो त्यात याच आउटकमला 5 पैकी 4.2 आले होते. मुलं खोटं बोलत नव्हती, त्यांना खरंच येतंय असं वाटत होतं. म्हणूनच असा सर्व्हे हा अप्रत्यक्ष पुरावा धरतात आणि पेपर, प्रोजेक्ट, प्रॅक्टिकल हा प्रत्यक्ष पुरावा, आणि नुसत्या अप्रत्यक्षावर भागवू नये असं सांगतात ते मला आता पटलं.

हे आउटकम प्रकरण कुठून आलं हे नव्या शिक्षकांना कोणी सांगत नाही म्हणून थोडक्यात. पूर्वी ॲक्रेडिटेशन म्हणजे मुख्यतः काय काय आहे ते मोजणं, शिक्षक किती, लॅब किती, लायब्ररीत पुस्तकं किती. नंतर प्रश्न बदलला, मुलाला शेवटी काय करता येतं? इंजिनिअरिंगमध्ये 1989 साली सहा देशांच्या संस्थांनी वॉशिंग्टन अकॉर्ड केला, एकमेकांनी मान्यता दिलेले डिग्री कोर्स समतुल्य धरायचे, आणि पुढे त्याची भाषाही ग्रॅज्युएटला काय यायला हवं अशीच झाली. आउटकम लिहिताना आपण जी क्रियापदं वापरतो, सांगणे, वापरणे, विश्लेषण करणे वगैरे, त्यामागे 1956 ची ब्लूमची वर्गवारी आहे, म्हणजे शिकण्याच्या सोप्यापासून अवघड अशा पायऱ्या, 2001 मध्ये ती सुधारली. ‘समजून घेणे’ असं लिहू नका म्हणतात कारण समजलंय की नाही हे पेपरात दिसत नाही, ‘स्पष्ट करणे’ दिसतं.

बाकी मॅपिंगचे, म्हणजे कोर्सचा आउटकम पूर्ण डिग्रीच्या आउटकमशी किती जोडलेला आहे त्याचे, 1, 2, 3 आकडे भरणं वगैरे कोणालाही जमतं, त्यावर जास्त लिहीत नाही. अवघड भाग आहे तो लूप बंद करण्याचा, म्हणजे कमी आलं तर पुढच्या वेळी काय बदललं आणि त्याने फरक पडला का.

मी काय केलं ते सांगते. सिलॅबस बदलायचा तर अभ्यास मंडळ, मग त्यावरच्या समित्या, वर्ष सहज जातं, आणि ते बरोबरही आहे कारण एका शिक्षकाच्या मनात आलं म्हणून कोर्स हलता कामा नये. पण पेपर माझ्या हातात होता. पाचवा प्रश्न कंपल्सरी केला, त्याला चार पातळ्यांचं रूब्रिक, म्हणजे कशा उत्तराला किती मार्क याचा तक्ता, केलं, आणि मी व एका सहकाऱ्याने तेच दहा पेपर वेगवेगळे तपासले. चार पेपरांत आमचे मार्क जुळेनात! मी आकडेमोड बरोबर असली की मार्क देत होते, सहकारी मात्र निष्कर्षाची मर्यादा लिहिली आहे का ते बघत होती. बसून रूब्रिकची भाषा बदलली तेव्हा कुठे जमलं.

आणि त्या आउटकमचा आकडा 74 वरून थेट 31 वर आला. एकजण म्हणाले हे फाईलमध्ये नको, ॲक्रेडिटेशनची तपासणी टीम आली की प्रश्न विचारतील. मी ठेवलाय, पुढचा प्लॅनही त्याच पानावर लिहिलाय. टीमने विचारलंच तर माझ्याकडे सांगायला काहीतरी आहे, 74 वर काय सांगणार होते मी?

या सेमिस्टरला तसाच एक प्रश्न तिसऱ्या आठवड्यातच दिला, मार्क न धरता, फक्त प्रत्येकाच्या उत्तरावर दोन ओळी लिहून परत दिलं. निम्म्यांनी मर्यादा हा शब्द वाचून डेटा कमी आहे एवढंच लिहिलंय, तो कोणाकडून गोळा केला हे कोणी विचारत नाही. पुढचे दोन तास त्यावरच घेणार आहे, एक टॉपिक थोडा आखडला तरी चालेल. तुमच्या पेपरात ऑप्शन असतील तर कोणता प्रश्न किती जणांनी सोडला तेवढं मोजून बघा आणि मला कळवा.