टाटा १२१० अपडेट: केबिन, टायर आणि थोडं इंजिन

मंडळी, आमच्या जुन्या टाटा १२१० ट्रकच्या दुरुस्तीत मागच्या वेळी चासीला रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारून थांबलो होतो आणि पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) खोलून दिलेले. पाटे आले परत. मेन पाटे दोन्ही बाजूंचे नवीन टाकले, बाकीचे गरम करून त्यांना परत कमान आणून घेतली, बुश, पिना, यू बोल्ट सगळं नवीन. गाडी आता चाकांवर सरळ उभी आहे, डावीकडे कललेली नाही, एवढं बघूनच घरच्यांचा मूड जरा बरा झालाय.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, गाडी १९८४ ची, नाकवाली (बोनेट पुढे आलेली) १२१०, काकांनी घेतलेली. नारायणगाव-मंचर पट्ट्यातून गुलटेकडी मार्केटयार्डला कांदा, सीझनला टोमॅटो, एवढंच काम तिने आयुष्यभर केलं. नंतर शेतात उभी राहिली ती राहिलीच. सध्या भोसरीत एका ओळखीच्या शेडमध्ये आहे.

आता मुद्द्याचं, म्हणजे केबिन. बऱ्याच जणांनी सांगितलं की लाकडाच्या नादी लागू नको, चौकोनी पाइपचा सांगाडा वेल्ड करून वरून पत्रा मार, आठवड्यात केबिन उभी. म्हणणं चुकीचं नाही, खर्चही कमी आला असता, पण माझं म्हणणं वेगळंय. त्या काळात कंपनीतून पूर्ण ट्रक यायचाच कुठे? चासी आणि काऊल यायचं, म्हणजे बोनेट, पुढचे मडगार्ड, डॅशबोर्ड, आणि त्याच्या मागचं सगळं, केबिन, हौदा (माल भरायची जागा), फाळका (हौद्याची मागची उघडणारी फळी), हे बॉडीवाला बांधायचा, जसा सुतार तशी केबिन. मग आपण ओरिजिनल ओरिजिनल म्हणून जे शोधत बसतो त्यातलं अर्धं तर टाटाच्या जमशेदपूर कारखान्याचं नाहीच, ते इथल्याच कुठल्यातरी सुताराचं आहे, आणि तेच काढून टाकलं तर मग उरतं काय, चासी नंबर!

तर लाकूडच. पत्रा उतरवला तेव्हा डाव्या दाराचा खांब खाली वीतभर पूर्ण भुसा झालेला, बोट घातलं तर आत जात होतं, पण उजवीकडचा खांब आणि छताच्या आडव्या पट्ट्या ठणठणीत निघाल्या. आणि त्या आडव्या पट्टीवर पत्र्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत, इंच आणि सुतात (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मापं लिहिलेली, एका ठिकाणी माप खोडून शेजारी दोन सूत कमी करून परत लिहिलंय. आमचे सुतारकाका (वय सत्तरीच्या पुढे, टेप वापरतात पण बोलतात सुतातच) ते बघून म्हणाले, "ह्याने आधी दार बनवलं आणि मग चौकट, उलटं काम केलंय, पण बसवलंय बरोबर." त्या पट्ट्या मी तशाच ठेवल्यात, वाळवीचं औषध मारून, पेन्सिलीवर ब्रश न फिरवता. नवीन लाकूड भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमधून आणलं, खांबांना साग आणि फळ्यांना सालाचं लाकूड. साग महाग पडला हे खरंय, पण दाराच्या चौकटीला पीळ बसला की मग ते दार जन्मभर आपटून लावायचं, त्यापेक्षा परवडलं.

जोड सगळे जुन्यासारखे खाचा पाडून आणि नट-बोल्ट मारून केलेत. जिथे लाकूड चासीच्या ब्रॅकेटवर बसतं तिथे मध्ये रबर टाकलंय, जुन्या टायरच्या पट्ट्या कापून, कारण पाणी साठून कुजायला सुरुवात तिथूनच होते. तुमच्याकडे लाकडी केबिन असेल तर आधी तीच जागा बघा, वरून काही कळत नाही.

तार्‍याबद्दल पण विचारणा झाली, मर्सिडीजचा तारा लावणार का म्हणून. नाही लावणार. टेल्को (टाटाची ट्रक बनवणारी कंपनी, आताची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझचा करार १९५४ चा, तो १९६९ ला संपला आणि तिथून तार्‍याच्या जागी टाटाचा 'टी' आला. चौर्‍याऐंशीच्या गाडीवर तारा लावणं म्हणजे नातवाला आजोबांचा फेटा बांधून फोटो काढणं. दिसतं छान, मान्य, पण माझ्या गाडीवर नको. (ज्यांची गाडी एकोणसत्तरच्या आधीची आहे त्यांनी बिनधास्त लावावा, आणि आम्हाला जळवावं.)

इंजिनचं फार सांगण्यासारखं नाही. ६९२ आहे, म्हणजे ६ सिलिंडर आणि ९२ मिलीमीटर बोअर, स्ट्रोक १२०, ४.८ लिटरच्या आसपास. लाईनर-पिस्टन नवीन, हेड फेसिंग करून घेतलं, मायको कंपनीचा डिझेल पंप कॅलिब्रेशनला देऊन आणला. पहिल्यांदा चालू करताना डिझेल लाइनमधली हवा काढण्यातच अर्धी सकाळ गेली, फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत बसायचं, आधी फेस येतो, मग बुडबुडे, आणि सलग डिझेल यायला लागलं की हात न थांबवता स्क्रू कसायचा. पंपाच्या नळ्या परत लावताना १-५-३-६-२-४ ही फायरिंग ऑर्डर खडूने भिंतीवर लिहून ठेवलेली, शेडमधल्या पोरांना आता पाठ झालीये. पांढरा धूर आला, मग हळूहळू गेला, आयडलिंग गोड आहे.

टायरचं मात्र नीट वाचा. साइज ९.००-२०, ट्यूब-फ्लॅपवाले, आणि डिस्कला लॉक रिंग, म्हणजे टायर डिस्कवर धरून ठेवणारी लोखंडी रिंग. ही रिंग नीट बसली नसेल आणि हवा भरताना उडाली तर माणूस जातो, उगाच घाबरवत नाहीये. जुन्या डिस्कच्या खाचेत गंज साचलेला असतो, त्यावर रिंग बसल्यासारखी वाटते पण बसलेली नसते. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत ज्याच्याकडे काम दिलं त्याने आधी खाच वायर ब्रशने पार पांढरी केली, दोन रिंगा वाकल्यात म्हणून बाजूला फेकल्या, आणि हवा भरताना डिस्कमधून साखळी ओवून, लांब पाइप लावून बाजूला उभा राहिला. जो पंक्चरवाला रिंगेसमोर उकिडवा बसून हवा भरतो त्याच्याकडून गाडी सरळ उचला, पैसे गेले तर जाऊ देत.

कागदांचं रडगाणं चालूच आहे. २०२१ ला व्हिंटेजचे नियम आले, ५० वर्षांपुढच्या गाड्यांना वेगळा नंबर वगैरे, पण ते दुचाकी आणि घरगुती वापराच्या चारचाकींसाठी, मालवाहू ट्रक त्यात बसतच नाही. म्हणजे माझी गाडी २०३४ ला पन्नाशीची झाली तरी उपयोग शून्य. राहिला फिटनेस सर्टिफिकेटचा रस्ता, आणि पंधरा वर्षांवरच्या जड गाड्यांची ती फी २०२२ मध्येच साडेबारा हजारांवर नेलेली. वर्षातून चार वेळा बाहेर पडणाऱ्या गाडीला धंद्याच्या गाडीचे नियम लावायचे आणि वर परत वारसा जपा म्हणून भाषणं द्यायची, असो. जुना तीन अक्षरी नंबर, एमएच यायच्या आधीचा, मात्र मी जाऊ देणार नाही.

फाळक्यावर काय लिहायचं यावर घरात वाद आहे. 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला आपल्या राज्यात २०१५ पासून बंदी आहे, त्यामुळे तो विषय संपला. काकूला कुलदैवत हवंय, चुलतभावाला शायरी. पेंटर म्हणतो दोन्ही बसेल, अक्षर बारीक करतो.

पुढचं काम स्टिअरिंग बॉक्स आणि किंगपिन (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या पिना), प्ले म्हणजे ढिलेपणा इतका आहे की पाव फेरा फिरवला तरी चाकाला पत्ता नसतो. आणि एक मदत हवीये: स्टिअरिंग व्हील जुनं काळं, मोठ्या घेराचं, तडे नसलेलं कुणाकडे असेल किंवा जुन्या बाजारात दिसलं तर घेऊन ठेवा आणि मला सांगा. नाना पेठ पालथी घातली, जे मिळतंय ते नंतरच्या मॉडेलचं. हॉर्नच्या बटणाची टोपी नसली तरी चालेल, ती माझ्याकडे जादा आहे.