साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क, बोटीने

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमान आहे, सोळा तासांच्या आसपास लागतात. लेक न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते, त्यामुळे त्या विमानाची आम्हा दोघांना चांगलीच सवय. या खेपेस मात्र लंडनपर्यंतच उडालो आणि पुढचा अटलांटिक बोटीने ओलांडला. परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतोय: एवढे पैसे मोजून, आठवडा घालवून विशेष काय वाटलं? शेवटी पाण्यावरचं हॉटेलच ना?

हॉटेल म्हणून बघाल तर हॉटेलच, आणि याहून झगमगीत क्रूझ याहून स्वस्तात मिळतात. आम्हाला विशेष वाटलं ते पलीकडे खरोखरच जायचं होतं म्हणून. तिकीट एकेरी. बोट फिरून त्याच बंदरात परत येणार नाही, मधे कुठे थांबणार नाही, आणि उतरल्यावर लेक वाट बघत असणार. बोटीवर आमच्यासारखे बरेच होते. एक जोडपं इंग्लंडमधलं बिऱ्हाड मोडून कायमचं निघालं होतं, त्यांचा कुत्रा वर बाराव्या डेकवर. एका आजींनी विमानाची इतकी धास्ती घेतलेली की लेकाला भेटायचं तर बोटीनेच. एकाजवळ त्याच्या उंचीचा चेलो. या माणसांशी गप्पा मारताना जाणवायचं की हा अजून प्रवास आहे, सहल नाही.

आज अटलांटिकवर ठरलेल्या वेळापत्रकाने ये-जा करणारी लायनर एकच उरली आहे, क्युनार्ड कंपनीची क्वीन मेरी २. फ्रान्समधल्या सां-नाझेरला बांधलेली, २००४ पासून सेवेत, लांबी ३४५ मीटर. स्टीफन पेन या नौका-रचनाकाराने ती उत्तर अटलांटिकच्या हिवाळ्याचा विचार करून आखली: नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि निमुळती, तळ खोल, आणि तेवढ्याच आकाराच्या क्रूझ बोटीपेक्षा पोलाद सुमारे ४० टक्के जास्त. क्रूझ बोट वादळ दिसलं की वळून दुसरं बंदर गाठते. हिला वेळेवर पलीकडे पोचायचं असतं.

वेगाची गंमत आहे. १९५२ मध्ये एसएस युनायटेड स्टेट्स या बोटीने अटलांटिक ३ दिवस १० तास ४० मिनिटांत पार केला होता. क्वीन मेरी २ ला तीसेक नॉट, म्हणजे ताशी पंचावन्नेक किलोमीटर, गाठता येतात. सुरुवातीला ती सहा रात्रींत पोचायची, आता सात रात्री घेते. इंधन वाचतं आणि सावकाश जाण्याचेही पैसे लोक आनंदाने देतात. आम्हीही दिले.

आमच्या मामेसासऱ्यांना हे कळलं तेव्हा ते खो-खो हसले. साठच्या दशकात बॅलार्ड पियरवरून ते शिकायला इंग्लंडला गेले, ते बोटीनेच, कारण विमानाचं भाडं झेपणारं नव्हतं. खाली खोलवर चौघांत एक केबिन, तेलाचा वास, आणि एडनपर्यंत पोटात काही ठरेना. ‘पैसे असते तर उडालो असतो’ हे त्यांचं मत अजून कायम आहे. १९५८ च्या ऑक्टोबरात अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली आणि बघता बघता गरजेची बोट हौसेची झाली. तेव्हा जुन्या दिवसांचा जो थाट बोटीवर मांडून ठेवलाय, तो त्या दिवसांतही वरच्या वर्गापुरताच होता, एवढं मनात ठेवून चढावं.

आता कामाचं. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा आणि अमेरिकेचा, दोन्ही व्हिसा आधी हातात हवेत. साउदॅम्प्टनला चेक-इनच्या वेळी अमेरिकेचा व्हिसा बघितल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. काही फेऱ्या जर्मनीतलं हॅम्बुर्ग किंवा फ्रान्समधलं ल आव्र घेऊन जातात, तशी फेरी निवडलीत तर युरोपचा शेंगेन व्हिसाही लागेल. वर्षाच्या सुरुवातीचे काही महिने ही बोट जगप्रदक्षिणेला जाते, त्यामुळे नेहमीच्या फेऱ्या साधारण वसंतापासून डिसेंबरपर्यंत. आतली, खिडकी नसलेली केबिन दोघांच्या हिशेबाने माणशी हजारेक पौंडांच्या आसपास सुरू होते आणि मोसमाप्रमाणे बरीच वर-खाली होते. एकट्याने जाणाऱ्याला जवळजवळ दीडपट-पावणेदोनपट पडते. शिवाय रोजची सर्व्हिस चार्ज डॉलरमध्ये खात्यावर चढत जाते, ती बजेटमध्ये धराच.

केबिन निवडताना नकाशा उघडून बसा. चौथ्या ते सहाव्या डेकवरच्या बाल्कन्या बोटीच्या पोलादी अंगातच कोरलेल्या आहेत. वाऱ्याला उत्तम, पण पुढचा कठडा पत्र्याचा, त्यामुळे खुर्चीत बसलं की समुद्र दिसत नाही. आठव्या डेकवरच्या बऱ्याच केबिनींसमोर लाइफबोटी लटकलेल्या असतात. सातव्या डेकवर बुफे आहे, त्याच्या थेट खाली किंवा वर केबिन घेतली तर पहाटे गाड्या ढकलल्याचा आवाज सोसावा लागतो. बोट लागणाऱ्यांनी मधली आणि खालची केबिन घ्यावी, हालचाल तिथे सगळ्यांत कमी.

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून साउदॅम्प्टन सेंट्रलला गाडीने सव्वा तास-दीड तास. हीथ्रोवरून थेट बसही आहे. त्याच दिवशी विमानातून उतरून बोट पकडायचा बेत करू नका, बोट थांबत नाही. साउदॅम्प्टनला बोटीचे धक्के अनेक आहेत, टॅक्सीवाल्याला सांगण्याआधी तिकिटावर टर्मिनलचं नाव बघा. सामानाला विमानासारखी मर्यादा नाही. फक्त एकेक बॅग २३ किलोच्या आत ठेवा, हमालांना उचलायची असते. लेकीसाठी पितळी समई, पाटा-वरवंटा न्यायची इच्छा वर्षानुवर्षं दाबून ठेवली असेल तर हीच संधी. (वरवंटा आम्ही नेला. पाट्याला हे तयार झाले नाहीत.) इस्त्री आणि किटली मात्र न्यायला बंदी आहे. बोटीवर धुलाईयंत्रं आणि इस्त्र्या फुकट आहेत, आणि सगळ्या बातम्या तिथेच कळतात. केबिनमध्ये प्लग ब्रिटिश आणि अमेरिकन आहेत, आपला गोल पायांचा बसत नाही. आणि बोट सुटताच फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर बोटीचं सॅटेलाइट नेटवर्क पकडून रोमिंगचं बिल डोळे पांढरे करील.

पश्चिमेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे जातं. म्हणजे दिवस पंचवीस तासांचा! रोज एक तास जास्त झोप, आणि न्यूयॉर्कला उतरताना शरीर आधीच तिथल्या वेळेवर आलेलं. विमानाने गेलं की लेकीकडचे पहिले चार दिवस मी दुपारी चारला डुलक्या काढते, या वेळी त्याच संध्याकाळी नातवाबरोबर बागेत होते. उलट दिशेने घड्याळ दुपारी बाराला एकदम एकवर नेतात, जेवणाची वेळ झाली तरी भूक नसते. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने साउदॅम्प्टनहूनच निघावं, हा माझा आग्रह.

दुपारी बाराला ब्रिजवरून, म्हणजे बोट चालवतात त्या खोलीतून, कप्तानाची घोषणा होते: बोट कुठे आहे, खाली पाणी किती खोल, वारा कुठून. पहिल्या दिवशी कोणी लक्ष देत नाही. नंतर नंतर लोक चमचे खाली ठेवून ऐकतात. टायटॅनिक बुडाली त्या भागाच्या आसपास आलो तेव्हा खाली जवळजवळ चार किलोमीटर पाणी होतं, आणि शेजारच्या टेबलावरचं भांडणही थांबलं.

न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला ग्रँड बँक्सपाशी लॅब्राडोरकडून येणारा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचं कोमट पाणी भेटतं, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे धुकं ठरलेलं. आम्हाला ते पहाटे लागलं. सातव्या डेकला बोटीभोवती पूर्ण फेरी मारता येते, तीन फेऱ्या म्हणजे पावणेदोन किलोमीटर. सकाळी फिरायला गेले तर कठड्याच्या पलीकडे काही नाही, पाणीसुद्धा नाही, नुसता पांढरा लोट. सागवानी फळ्या ओल्या, कठड्यावरून थेंब ओघळतायत, समोरून येणारा माणूस दहा पावलांवर आल्यावर दिसतो. आणि दर दोन मिनिटांच्या आत भोंगा. धुक्यात चालत्या बोटीला तो द्यावाच लागतो. या बोटीच्या भोंग्यांपैकी एक मूळच्या क्वीन मेरीचा, तीसच्या दशकातला आहे. तो कानाने ऐकू येण्याआधी छातीत वाजतो. मी तासभर फिरत राहिले. वारा जोराचा असला तर त्या डेकचे दरवाजे बंद करतात, म्हणून शांत दिवस मिळाला की फिरून घ्या, उद्यावर टाकू नका.

बोट डोलते का? आम्हाला दीड दिवस चांगली डोलली. जिन्यांच्या कठड्यांना कागदी पिशव्या खोचलेल्या दिसल्या की समजावं. आल्याची वडी नेलेली होती, तिच्यावर शेजारच्या केबिनवाल्यांनीही डल्ला मारला. नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा आणि विमा काढल्याशिवाय चढू नका, बोटीवरच्या दवाखान्याचं बिल डॉलरमध्ये येतं.

खाणं शाकाहाऱ्यांना पुरेसं आहे, पण तिसऱ्या दिवसापासून चीज आणि पास्त्याचा कंटाळा येतो. आमचा वेटर निघाला गोव्यातल्या सासष्टीचा. आम्ही मराठीत कुजबुजतोय हे त्याने बरोबर हेरलं आणि कोकणीत विचारलं, ‘तुमी मुंबयचीं?’ त्याचे आजोबाही बोटीवरच, मुंबईत आले की धोबीतलावला गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, उतरायचे. ब्रिटिश बोटींवर गोव्याची माणसं पिढ्यान् पिढ्या राबली आहेत, त्या इतिहासाला बोटीवर कुठे पाटी दिसली नाही. त्याच्याकडून समजलं की आदल्या रात्री सांगून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी डाळ-भात मिळतो. मिळाला, आणि फोडणी जिऱ्या-लसणाची. जैन जेवण हवं असेल तर ते मात्र बुकिंगच्या वेळीच कळवा.

संध्याकाळी सहानंतर बऱ्याच जागी नीट कपडे लागतात आणि दोन-तीन रात्री गाला, म्हणजे पूर्ण थाटाचा पोशाख. पुरुषांना टक्सिडो भाड्याने घ्यायची गरज नाही, आपला बंदगळा चालतो, राष्ट्रीय पोशाखाला नियमातच जागा आहे. पैठणी न्याच. तो झगमगाट मला थोडा नाटकी वाटला, पण मी त्यात काठ सावरत सगळीकडे मिरवले, हेही खरं. ज्यांना हे नको त्यांना बुफे आहे, पुढच्या बाजूचं सुमारे १०,००० पुस्तकांचं ग्रंथालय आहे, तारांगण आहे. आणि कुत्र्यांचा डेक बघायला विसरू नका: कुत्र्यांसाठी २४ जागा, आणि त्यांच्या सोयीसाठी एक ब्रिटिश दिव्याचा खांब आणि एक अमेरिकन फायर हायड्रंट. त्या जागा फार आधी भरतात.

कोणी जाऊ नये? ज्यांना बंदरं बघायची आहेत, किंवा ज्यांना रिकामा दिवस खायला उठतो. लहान मुलांना घेऊन आलेल्या दोन कुटुंबांचे हाल बघवत नव्हते.

शेवटच्या रात्री झोप चारलाच मोडा. बोट पहाटे अंधारात व्हेराझानो पुलाखालून जाते. धुराडं पुलाला जेमतेम काही मीटरने चुकतं आणि खालून बघताना ते आदळणार याची खात्रीच वाटते. अकराव्या डेकच्या पुढच्या टोकाला उघडी जागा आहे, तिथे लवकर जाऊन उभं राहा, स्वेटर घालून. मग डावीकडे स्वातंत्र्यदेवी, समोर मॅनहॅटन. याच बंदरात १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी उतरल्या, अठरा वर्षांच्या, आणि १९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला. प्रवासाचा हा भाग फोटोत येत नाही, कारण सगळ्यांचे फोन अंधारात हलतात.

धक्का ब्रुकलिनमधल्या रेड हुकला. स्वतःचं सामान स्वतः ओढणार असाल तर सगळ्यांत आधी सोडतात, नाहीतर रंगीत चिठ्ठीप्रमाणे नंबर येतो. बुफेतलं सफरचंद पर्समध्ये घालून उतरू नका, ताजी फळं अमेरिकेत आणायला मनाई आहे. बाहेर टॅक्सीची रांग लांब असते आणि सबवे पायी जाण्याजोगा जवळ नाही. सामान कमी असेल तर टर्मिनलला लागूनच अटलांटिक बेसिनचा फेरीचा थांबा आहे, तिथून वॉल स्ट्रीटला उतरता येतं. एडिसनकडे जाणाऱ्यांनी टॅक्सीने पेन स्टेशन गाठावं आणि न्यू जर्सी ट्रान्झिटची नॉर्थईस्ट कॉरिडॉर गाडी धरावी. वरवंटा असेल तर जावयाला गाडी घेऊन बोलवावं.