पक्या, शकू, विनोबा

प्रकाशचा पक्या होतो, प्रमोदचा पम्या, प्रशांतचा पश्या. 'प्र' मधला र जातो कुठे? तर लांबून हाक मारताना जोडाक्षर जड पडतं, म्हणून ते हलकं करायचं, पुढचं एखादं अक्षर पकडायचं आणि 'या' लावून मोकळं व्हायचं, बाकीचं नाव गेलं. संतोषचा संत्या, गजाननचा गज्या, सुरेशचा सुऱ्या, सगळे असेच. कुणी शिकवत नाही तरी शाळेतली पोरं नवीन मुलाचं नाव ऐकलं की लगेच बरोब्बर करतात, मला याचं फार कौतुक वाटतं.

मुलींना 'ई', म्हणजे यमुनाची यमी, सुमनची सुमी. आणि 'ऊ' दोघांनाही चालतो, दत्तात्रयचा दत्तू, शकुंतलाची शकू, सुलोचनाची सुलू. पण दत्तू आज्जीपण म्हणेल, काकूपण म्हणेल, त्यात लाड आहेत. 'दत्त्या' म्हणायला मात्र बरोबरीचा मित्र लागतो, नाहीतर चिडलेली आई. काही लोकांना हा 'या' असभ्य वाटतो, मला अजिबात पटत नाही. आपण सचिनच्या आडनावाचं तेंडल्या केलं, लक्ष्मीकांत बेर्डेंना अख्खा महाराष्ट्र लक्ष्या म्हणायचा, किती माया आहे त्यात!

सगळ्यात आवडतं उदाहरण विनोबांचं. १८९५ मध्ये कोकणात गागोद्याला जन्मलेले विनायक नरहर भावे, आईसाठी विन्या, आणि पुढे गांधीजींच्या आश्रमात गेल्यावर विनोबा. धाकटे भाऊ बाळकृष्ण, तेपण बाळकोबा झाले. 'बा' हा बापासाठीचा जुना शब्द, त्यामुळे नाव छोटं होऊनही मान वाढतो. ज्ञानदेवांचे ज्ञानोबा, तुकारामांचे तुकोबा, चोखामेळ्याचे चोखोबा असेच झाले. पण संत स्वतः अभंगात नाव घालताना काय म्हणतात, तर नुसतं तुका, नामा, जनी. लोकांनी 'बा' लावून वर नेलं आणि ते स्वतः घरातल्या हाकेवरच राहिले, हे मला फार फार आवडतं.

आणि विठ्ठलाला तर काहीच बाकी ठेवलं नाही आपण. विठोबा झालं, विठू झालं, आई म्हणून विठाई झालं, आणि जनाबाईने भांडताना सरळ 'विठ्या' म्हटलंय. 'या' असभ्य म्हणणाऱ्यांना मी नेहमी जनाबाईचंच नाव सांगते.