ऊस का लावत नाही?

मंगळवेढ्याकडची शेती म्हटलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास विचारतात, ज्वारी-करडईत काही उरत नाही तर ऊस का लावत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून हिशेबच मांडतो.

पाण्याचं तर उघडच आहे. उजनी धरणाचं पाणी ज्यांच्या बांधापर्यंत आलं, त्यांनी ऊस लावला आणि योग्य केलं. आमचं रान काळं, खोल, पण कोरडवाहू. सप्टेंबर-ऑक्टोबरात वाफशावर, म्हणजे रानात पेरणीजोगी ओल असताना, मालदांडी ज्वारी पेरायची, मग ती रानातल्या ओलीवरच येते.

मालदांडीचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 3749 रुपये. पाऊस साधला आणि एकरी पाच क्विंटल पिकली, तर 18,745 रुपये. त्यातून नांगरट, बी, खत, खुरपणी वजा करा. काढणीला तर मजूर मिळतानाच नाकी नऊ येतात, कारण ताट हातानं उपटायचं असतं. नुसत्या दाण्यावर बघितलं तर ज्वारी तोट्यातच दिसते, आणि बहुतेकांचा हिशेब इथंच थांबतो.

पण आमची ज्वारी निम्मी कडब्यासाठी असते. कणसं मोडली की पेंढ्या बांधायच्या, पाच पेंढ्यांचा पाचुंदा, मग त्यांचं बुचाड, म्हणजे गंज, रचायचं. दूधवाले टेम्पो घेऊन येतात आणि शंभर पेंढ्यांच्या हिशेबानं सौदा होतो. दुष्काळी साली कडब्याचे पैसे दाण्याच्या बरोबरीला येतात. म्हणून तर बुटक्या, भरघोस दाण्याच्या वाणांचं कितीही कौतुक झालं तरी रब्बीला इथं उंच मालदांडीच पेरतात. घरची भाकरी आणि दावणीची वैरण विकत आणावी लागत नाही, हा पैसा कुठल्या पावतीवर दिसत नाही.

जीव तुटतो तो करडईसाठी. तिचं मूळ खोल जातं, ज्वारी सुकली तरी ती तग धरते. ती काटेरी, त्यामुळं जनावरं आत शिरू नयेत म्हणून ज्वारीच्या कडेनं तिचे तास, म्हणजे ओळी, असायच्याच. काढायला मात्र पहाटे जावं लागतं, दवानं काटे मऊ असतात तोवर. ऊन चढलं की हाताला फडकं बांधूनही बोटं सोलतात. या कामाला आता कोण येणार?

करडई तेलाचं पीक, आणि तिच्या भावाचं तर आमच्या हातात काहीच नाही. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. कच्च्या पाम, सोयाबीन, सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क सप्टेंबर 2024 मध्ये शून्यावरून 20 टक्के झालं आणि मे 2025 च्या अखेरीस परत 10 वर आलं. त्यानंतर 2026-27 च्या विक्री हंगामासाठी करडईचा हमीभाव क्विंटलला 600 रुपयांनी वाढवून 6540 केला. चांगलंच केलं, पण काढणीच्या महिन्यात त्या भावानं माल घेणारं खरेदी केंद्र जवळपास लागत नसेल, तर लहान शेतकरी मिळेल त्या भावाला व्यापाऱ्याकडं घालतो. उधारी कुणाची थांबत नाही.

त्यामुळं आम्ही करडई कमी पेरतो, पण पेरतो. बी बाजारात न नेता घाण्यावर गाळून आणतो. तेल वर्षभर घरात, पेंड म्हशीला.