आउटलेट मॉल सोडून गेटिसबर्ग

मी टूर मॅनेजर आहे. अमेरिकेची ईस्ट कोस्ट टूर इतक्यांदा केलीये की हर्शी गावातल्या चॉकलेटचा वास आला की मला डायरेक्ट वॉशिंग्टनच्या हॉटेलची रूम लिस्टच आठवते. त्या दोघांच्या मधे रूट १५ वर गेटिसबर्ग लागतं, अमेरिकेच्या यादवी युद्धाचं प्रसिद्ध रणांगण, पण आमच्या प्रोग्रॅममधे त्याऐवजी आउटलेट मॉल आहे, आणि मॉल कॅन्सल केला तर लोक फीडबॅक फॉर्ममधे माझं काय करतात ते मलाच माहीत.

कोविडच्या आधीच्या एका ग्रुपमधे साताऱ्याकडचे एक काका होते, तोफखान्यातून हवालदार म्हणून रिटायर झालेले. न्यूयॉर्कपासून रोज नाश्त्याला एकच, "पोरी, ते गेटिसबर्ग वाटंवरच हाय न्हवं?" शेवटी बसमधे हात वर करून मतं घेतली, दीड तास गेटिसबर्ग आणि मग मॉल अर्धा तास असं ठरलं (तो अर्धा तास काही उरणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं).

तिथे लायसन्सवाले गाइड मिळतात, १९१५ पासूनची पद्धत, ते आपल्या बसमधे चढून सगळं फिरवतात. आमच्या वाट्याला आलेले गाइड आजोबा फास्ट इंग्लिश बोलणारे, आणि माइकवर मराठी करायचं काम माझं. काकांनी निरोप दिला, बाकी काही नको, फक्त तोफखान्याची जागा दाखवा. गाइड खूश, त्यांनी बस व्हीटफील्ड रोडवर नेली.

गोष्ट अशी. नववी मॅसॅच्युसेट्स बॅटरी, म्हणजे युनियनच्या (उत्तरेच्या) सैन्यातली सहा तोफांची तुकडी, ऑगस्ट १८६२ मधे उभी राहिलेली, सगळे व्हॉलंटियर. अमेरिकेतलं यादवी युद्ध जोरात चालू पण ही पोरं जवळजवळ वर्षभर वॉशिंग्टनच्या किल्ल्यांवर नुसती पहारा आणि कवायत करत बसलेली. फेब्रुवारी १८६३ मधे जॉन बिगेलो कॅप्टन म्हणून आला, वय २२, हार्वर्डमधे शिकलेला, आणि शिस्तीला इतका कडक की पोरं त्याच्या नावाने बोटं मोडायची. इथे काका जोरात हसले, म्हणे असा एक आमालाबी हुता. २ जुलै १८६३ ही त्यांची पहिली लढाई. त्या दिवशी सिकल्स नावाच्या जनरलने हुकूम नसताना आपली फौज पुढे पीचच्या बागेपर्यंत नेलेली, दुपारनंतर ती आघाडी कोसळली, आणि पायदळ मागे गेल्यावर या सहा तोफा, नेपोलियन नावाच्या जातीच्या, शेतात एकट्याच उरल्या.

मग त्या मागे कशा आल्या हे गाइडने सांगितलं आणि मी ठोकून दिलं, "दोरीने तोफा ओढत ओढत मागे आले."

"थांब थांब," काका म्हणाले, "वडत्यात कशाला? तोफ उडाली की धक्क्यानं आपसूक मागं येती."

आणि माझ्या हातातली ग्रुपच्या झेंड्याची काठी घेतली, ती तोफ. कुणाचा तरी बॅगेचा पट्टा तिला बांधला. कोल्हापूरच्या रिटायर्ड बँक मॅनेजरांना पुढे उभं केलं, ते घोडे. "ह्यो दोर ढिला ऱ्हातो. बार टाकला की तोफ हितवर येती, मग घोडं दोर ताणून अजून मागं नेत्यात, तवर हिकडं पुढचा बार भरायचा. तोंड कायम शत्रूकडं." बँक मॅनेजर बिचारे इमानदारीत दोन पावलं चालले. गाइडला मराठीचा एक शब्द कळत नव्हता पण मान सारखी हलत होती. मी माइक बंदच केला.

तसं करत ते चारेकशे यार्ड मागे ट्रॉसलच्या फार्मपर्यंत आले. तिथे मॅकगिल्व्हरी या तोफखान्याच्या वरच्या अधिकाऱ्याचा हुकूम आला, काहीही होवो, इथून हलायचं नाही, कारण मागे प्लम रन ओढ्याजवळ लाइनमधे भलंमोठं भगदाड होतं आणि तिथे तोफा गोळा करायला त्याला वेळ हवा होता. एकविसावी मिसिसिपी, शत्रूची म्हणजे दक्षिणेची पलटण, अंगावर आली, यांनी पत्र्याच्या डब्यात भरलेल्या लोखंडी गोळ्या झाडल्या, अगदी जवळून. दोन तोफा कशाबशा निघाल्या, त्यातली एक दगडी कुंपणावरून. चार तिथेच शत्रूच्या हातात गेल्या. ८ मेले, १८ जखमी, २ बेपत्ता. जखमी बिगेलोला घोड्यावर घालून चार्ल्स रीड नावाच्या बिगुलवाल्याने बाहेर काढलं, त्याबद्दल त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं, ते १८९५ मधे. (सरकारी काम सगळीकडे सारखंच.)

काकांचा चेहरा उतरला होता. "तोफा सोडल्या?" मला आधी कळेना यात एवढं काय, तेव्हा ते म्हणाले, पायदळाला निशाण असतं तशी आमची तोफ, तीच आमचं निशाण.

गाइडने फाइलमधून एक फोटो काढला, टिमथी ओसलिव्हनने लढाईनंतर काही दिवसांत काढलेला. ट्रॉसलचं घर आणि दारात घोडेच घोडे, मेलेले. ट्रॉसलबाईंनी नुकसानभरपाईच्या अर्जात लिहिलं होतं की दाराजवळ १६ घोडे पडले होते. टनभर वजनाची तोफ घोड्यांशिवाय हलवणार कोण?

काकांनी टोपी काढली. त्यांची सुरुवातीची नोकरी डोंगरी तोफखान्यात, खेचरांवर. खेचराच्या खुरावर नंबर असतो म्हणाले, आणि एक नंबर त्यांनी पटकन सांगितला, मग उगाच चष्मा पुसत बसले. गाइड माझ्याकडे बघत होते, ते काय म्हणाले म्हणून. मी नाही सांगितलं.

मॉल अर्थातच बुडाला. वॉशिंग्टनच्या इंडियन रेस्टॉरंटमधे पोचायला साडेनऊ, ड्रायव्हर वैतागलेला, दोन काकू माझ्याशी बोलत नव्हत्या. काका ताट घेऊन माझ्या टेबलाशी आले. "पोरी, त्या चार तोफांचं पुढं काय झालं, इचारलंस का?"

आणि मला आठवलं, गाइडने ते बसमधून उतरता उतरता सांगितलं होतं आणि मी घाईघाईत हेडकाउंट करत बसले. "काका, त्याच संध्याकाळी परत मिळाल्या. युनियनच्या पायदळाने हल्ला करून परत आणल्या."

"चारीच्या चारी?"

"चारही."

"मग बरं," असं म्हणून ते परत लाइनमधे जाऊन उभे राहिले, डाळ घ्यायला.