केप मे: सुट्टी बघून नाही, वारा बघून

न्यू जर्सीतल्या एडिसनहून गार्डन स्टेट पार्कवे या महामार्गाने खाली जात राहायचं. रस्ता जिथे संपतो तिथून थोडं पुढे केप मे पॉइंट स्टेट पार्क, शिकारी पक्ष्यांचं स्थलांतर बघायची जागा. प्रवेश फुकट, पण हंगामात शनिवारी उशिरा पोचलात तर पार्किंगची आशा सोडा.

मी मुद्दाम आडवारी रजा टाकली, कारण आदल्या रात्री थंड हवा आली होती आणि सकाळी वायव्येचा वारा होता. हे गणित माहीत असायलाच हवं. दक्षिणेकडे निघालेले शिकारी पक्षी या वाऱ्याने किनाऱ्याकडे ढकलले जातात आणि न्यू जर्सीच्या टोकाशी येऊन अडतात. पुढे डेलावेअरचा उपसागर. एवढं पाणी ओलांडायला ते बिचकतात, तिथेच घिरट्या घालतात. बरेचसे त्याच वर्षी जन्मलेले, म्हणजे अननुभवी.

दीपस्तंभ १८५९ चा, पायऱ्या १९९. त्या मी चढले नाही; शेजारच्या लाकडी मचाणावरच दिवस गेला. तिथे सप्टेंबर ते नोव्हेंबर शिकारी पक्ष्यांची रोज मोजणी चालते.

खरी परीक्षा शार्प-शिन्ड आणि कूपर्स या दोन हॉकची. दोघेही आपल्या शिक्र्याच्या वळणाचे. मी दुर्बिणीतून रंग शोधत होते, तर शेजारच्या आजोबांनी सांगितलं, "रंग सोडा, डोकं बघा." शार्प-शिन्डचं डोकं इवलंसं, पंखांच्या पुढे जेमतेम येतं, पंखांची फडफड इतकी भरभर की मोजता येत नाही. कूपर्सचं डोकं ठसठशीत पुढे आलेलं, शेपटी लांब, टोकाला गोलसर, त्यामुळे आकाशात अधिकच्या चिन्हासारखा दिसतो. पंख सावकाश मारतो. तासाभराने डोळा बसायला लागला. मध्येच एक बहिरी ससाणा तळ्यावरून असा सुसाट गेला की दुर्बीण उचलेपर्यंत दिसेनासा! टर्की व्हल्चर हे गिधाड मात्र सोपं: पंख इंग्रजी व्हीसारखे, उडताना डुलत.

दुपारी पक्षी फार उंच जातात, नुसते ठिपके. तेव्हा खाली उतरून डबा खाल्लेला बरा.

संध्याकाळी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरली. जे नक्की ओळखता आले नाहीत ते 'शार्प-शिन्ड/कूपर्स' या पर्यायात टाकले. तसा पर्याय तिथे दिलेलाच आहे, आणि माझ्या यादीत सगळ्यात मोठा आकडा त्याच्यापुढेच आहे.